निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीहून रेल्वेने कुठे जायचे तर आधी एसटी पकडून बल्लारशा किंवा चंद्रपूर गाठावे लागते. 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरला आहे. त्याला आगगाडी शिवते ती मात्र उत्तर टोकाला, गोंदिया–चांदाफोर्ट मार्गावरच्या वडसा-देसाईगंजला. तिथून गडचिरोलीपर्यंतचा सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग 2011-12 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. खर्चाची वाटणी ठरली निम्मी-निम्मी: अर्धा रेल्वेचा, अर्धा महाराष्ट्र शासनाचा.

रेल्वे केंद्राची, मग राज्याने खिशात हात का घालायचा? नव्या मार्गातून वर्षाला किमान 14 टक्के परतावा सुटेल का, अशी कसोटी रेल्वेने वर्षानुवर्षे लावली. विरळ वस्ती आणि घनदाट जंगल असलेला मुलूख त्या कसोटीला उतरणे कठीण. मग राज्य म्हणते, निम्मे आम्ही घालतो, पण काम हाती घ्या. स्पष्टच बोलायचे तर राज्य रांगेतला पुढचा नंबर विकत घेते.

वाटणीचा आकडा सगळीकडे एकच नसतो. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला निम्मे-निम्मे आहे, तर वर्धा–यवतमाळ–नांदेडला राज्याचा वाटा 40 टक्के. कोकण रेल्वेची तऱ्हा आणखी निराळी. तिथे 1990 साली महामंडळच काढले आणि भागभांडवल रेल्वेने 51, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15, गोवा व केरळने प्रत्येकी 6 टक्के असे घातले. भागीदार पाच, पण काम एकाच महामंडळाच्या हाती. म्हणूनच डोंगर पोखरत जाणारा तो मार्ग 1998 साली पुरा धावू लागला. परळीच्या मार्गाला मंजुरी 1995-96 ची, आणि बीडला गाडी पोहोचली 2025 च्या सप्टेंबरात!

वडसा–गडचिरोलीचे गणित जरा जवळून पाहावे. मूळ अंदाज 469 कोटींचा, म्हणजे राज्याचा वाटा 235 कोटींच्या आत. सुधारित अंदाज 1,096 कोटींवर गेला आणि वाटा झाला 548 कोटी. पुढच्या सुधारणेत एकूण खर्च 1,886 कोटी, राज्याचा वाटा 943 कोटी. किलोमीटरमागे 9 कोटींचे काम 36 कोटींवर गेले. टक्का 50 चा 50 च राहिला, रक्कम मात्र चौपट झाली. मंत्रिमंडळाची मान्यता, शासन निर्णय, अर्थसंकल्पातली तरतूद असे टप्पे पार करून राज्याचा पैसा रेल्वेकडे जातो. जमीन मिळवून द्यायची ती जिल्हा प्रशासनाने. शिवाय हा भाग वाघांचा, त्यामुळे वनखात्याची परवानगी वेगळी. यातले काहीही अडले की रूळ थांबतात, महागाई थांबत नाही, आणि त्या उशिराचे बिलही दोघांत निम्मे-निम्मेच वाटले जाते. टक्केवारीवरून भांडणाऱ्यांनी तारखांवरून भांडावे, ते जास्त फायद्याचे.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अहेरीच्या बाजूला, प्रश्न वेगळा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यांवरून ट्रकने वाहिले जाते, आणि त्या रस्त्यांचे काय होते ते अहेरीकरांना सांगायला नको. शेजारच्या छत्तीसगडात दल्लीराजहरा–रावघाट मार्गासाठी भिलाई पोलाद कारखाना चालवणाऱ्या ‘सेल’ या सरकारी कंपनीने पैसा घातला, कारण रावघाटचे खनिज तिलाच हवे होते. त्याच रुळांवरून प्रवासी गाडीही धावू लागली.

गडचिरोलीच्या पुढे रूळ न्यायचे तर हाच हिशेब इथेही मांडायला हवा. केंद्र आणि राज्य यांच्या जोडीला खनिज नेणाऱ्याचाही तिसरा वाटा असावा, आणि अहेरी-आलापल्लीच्या माणसाला बसता येईल अशी प्रवासी गाडी ही करारातली अट असावी. ही मागणी आखणी होण्याआधीच करावी लागेल. मार्ग एकदा फक्त मालगाडीसाठी आखला गेला, की स्टेशन मागून मिळत नाही.