सेवेलाही शिक्षण हवे

सेवानिवृत्तीनंतर वेळ हे भांडवल मुबलक हाती उरते आणि ते समाजासाठी वेचावे, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. परंतु वेळ आणि सद्भावना एवढ्यानेच सेवा सार्थ होते का? हा प्रश्न मला एका कढीपत्त्याच्या झाडामुळे पडला. आमच्या सोसायटीच्या बागेतील या झाडाची पाने पिवळी पडू लागली, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने युरिया घालण्याचा सल्ला दिला. दोन महिन्यांत झाड वाळले. खणून पाहिले तेव्हा पाणी साचून मुळे कुजलेली आढळली. हेतू शुद्ध होता. ज्ञान अपुरे होते.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘मास्टर गार्डनर’ ही स्वयंसेवी योजना अभ्यासण्याजोगी आहे. वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल-टॅकोमा परिसरात बागकामाची हौस वाढली आणि नागरिकांच्या शंकांना उत्तरे देणे विद्यापीठाच्या मोजक्या विस्तार अधिकाऱ्यांना अशक्य झाले. तेव्हा १९७२ मध्ये डेव्हिड गिबी व बिल शीर या अधिकाऱ्यांनी एक मार्ग काढला. हौशी बागकर्मींना विद्यापीठाने शिकवावे आणि त्यांनी त्याची परतफेड लोकसेवेच्या तासांनी करावी. पैशांऐवजी तासांनी फेडायचे हे एक प्रकारचे कर्जच! आज बहुतेक राज्यांत ही योजना विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत चालते.

यातील मला सर्वाधिक भावलेली अट अशी की, एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर पुरत नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. तथापि अनेक ठिकाणी दरवर्षी ठरावीक तास सेवा आणि सुमारे १० तास नवे शिक्षण पूर्ण करावे लागते.

ही अट अनाठायी नाही. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘स्पॉटेड लँटर्नफ्लाय’ हा आशियातील कीटक प्रथम आढळला. त्याची अंडी दगडांवर, वाहनांवर वाळलेल्या चिखलाच्या डागासारखी दिसतात. २०१० मध्ये शिकून थांबलेल्या स्वयंसेवकाला ती ओळखता आली असती का? हवामानाचेही तसेच. कोणत्या भागात कोणते झाड थंडीत तग धरेल, हे दाखवणारा अमेरिकी कृषी खात्याचा नकाशा २०१२ नंतर २०२३ मध्ये नव्याने निघाला. त्यात सुमारे निम्मा देश पूर्वीपेक्षा उबदार उपविभागात गेला. जुन्या नकाशावरून सल्ला देणे म्हणजे गतवर्षीच्या भावाने यंदाचा माल विकणे होय.

व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. कराचे नियम बदलले की जाणता व्यापारी ते समजून घेतो. बँकेतही नवे परिपत्रक न वाचता काम करणारा अधिकारी कितीही अनुभवी असला, तरी चुकत असे. मग सेवेच्या क्षेत्रात मात्र आपण जुन्या शिदोरीवर निर्धास्त का राहतो? मोबदला न घेणाऱ्याच्या चुकीची किंमतही कोणाला तरी मोजावीच लागते.

या पावसाळ्यापूर्वी आम्ही त्याच जागी नवे रोप लावले. त्याआधी पाण्याचा निचरा होईल अशी चर खणली आणि माती तपासून घेतली. शेजारी आता काही विचारतात तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. “पाहून सांगतो,” एवढेच म्हणतो आणि खरोखरच पाहतो.