‘टायबेरियस’ : एका रोमन व्यक्तिनामाची कुळकथा

दक्षिण भारतात प्राचीन रोमन नाणी विपुल सापडली आहेत. त्यांत टायबेरियस या सम्राटाच्या (इ. स. १४ ते ३७) रौप्य नाण्यांचा भरणा मोठा आहे. या नाण्यांवर सम्राटाचे व्यक्तिनाम पूर्ण दिलेले नसून, त्याची पहिली दोनच लॅटिन अक्षरे कोरलेली असतात. तेवढ्यावरून रोमन मनुष्यास पूर्ण नाव कळत असे. हे कसे घडे, याचा विचार मराठीच्या शिक्षकास उद्बोधक वाटेल.

रोमन पुरुषाच्या नावात सामान्यतः तीन घटक असत : व्यक्तिनाम, कुळनाम आणि शाखेचे उपनाम. या सम्राटाचे जन्मनाम टायबेरियस क्लॉडियस नीरो असे होते. पैकी ‘टायबेरियस’ हे व्यक्तिनाम होय. ज्या टायबर नदीच्या तीरी रोम वसले, तिच्याच नावापासून ते सिद्ध झाले असून ‘टायबरचा’ हा त्याचा अर्थ. आपण गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नावे कन्यांना ठेवतो. लॅटिन भाषेत मात्र टायबर पुल्लिंगी असल्याने ते नाव पुत्रास शोभले.

क्लॉडियस व सेम्प्रोनियस या कुळांत हे नाव विशेष आढळते. जमिनीच्या फेरवाटपासाठी झगडून इ. स. पू. १३३ मध्ये प्राणास मुकलेला टायबेरियस ग्रॅकस हा सेम्प्रोनियस कुळातला. व्यक्तिनामाविषयी ही कुळे फार दक्ष असत. लूशियस नावाच्या दोघा कुळबंधूंपैकी एकावर दरोड्याचा व दुसऱ्यावर खुनाचा अपराध शाबीत झाल्यावर क्लॉडियस कुळाने ते नावच वर्ज्य केले, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळी प्रचारातील व्यक्तिनामे जेमतेम दीड डझन उरली होती. त्यामुळे संक्षेपात संदेह राहत नसे. ‘टी’ हे एकटे अक्षर म्हणजे टायटस. त्यापुढे ‘आय’ आले की टायबेरियस. शिलालेखांत पित्याचे व्यक्तिनामही याच रीतीने येई.

आपणही स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लावतो, आणि संक्षेपाची आवड आपल्यालाही आहे. परंतु आपली व्यक्तिनामे असंख्य. वि. स. खांडेकर हे विष्णु, वि. का. राजवाडे हे विश्वनाथ, तर वि. दा. सावरकर हे विनायक. ‘वि.’ या अक्षरातून यांपैकी काहीच उलगडत नाही, आणि विद्यार्थ्यास ग्रंथकार केवळ अक्षरांनी परिचित राहतो.

भोपाळसारख्या हिंदी प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते. येथील अर्जांत पित्याच्या नावाचा रकाना निराळा असतो. साहजिकच मराठी मुलाच्या स्वतःच्या नावातून ते गळते, आणि पुढे तो मुलगाही ते लिहीनासा होतो. वस्तुतः याच परिसरात, विदिशेजवळील बेसनगरच्या गरुडस्तंभावर, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजदूत हेलिओदोर याने आपण तक्षशिलेचा, दियाचा पुत्र, असे ब्राह्मी लिपीत नोंदविले आहे. परक्या भूमीत आणि परक्या भाषेतही त्याने पित्याचे नाव वगळले नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पाठ शिकविताना ग्रंथकाराचे पूर्ण नाव एकदा तरी फळ्यावर लिहावे. आणि शाळेच्या पटावर मराठी मुलाचे नाव, पालकांची इच्छा असल्यास, तिन्ही घटकांसह नोंदवावे. दोहोंस श्रम अल्प आहेत आणि लाभ पुढील पिढीचा आहे.