खर्जाची कसोटी आणि जुने स्पीकर

विटा हे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यापायी हिंदुस्थानभर पांगलेल्या माणसांचे गाव असल्यामुळे वस्तूचा दर्जा तिच्या झळाळीवरून नव्हे, तर कस लावूनच ठरवावा, हा संस्कार येथे घरोघर आढळतो. आणि आजवर माझ्या घरी आलेल्या चार तऱ्हांच्या जुन्या स्पीकरांचा निवाडा करताना मीही तोच रिवाज पाळला. कसोटीचा दगड म्हणून घेतला तो आमच्याच सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तानपुऱ्याचा नाद.

ही निवड केवळ जिल्ह्याच्या अभिमानापोटी केलेली नव्हे. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा असून त्याची हवेतील तरंगलांबी जवळजवळ ५ मीटर भरते. शिवाय घोडीच्या वक्र पृष्ठावर जवारीमुळे तारेला जो निसटता स्पर्श घडतो, त्यातून उच्च स्वरांशांचा असा समुदाय उमटतो की, चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली निदर्शनास आणल्याप्रमाणे, तार छेडण्याच्या स्थानावरून जे स्वरांश गैरहजर असावयास हवेत, तेही तेथे हजर असतात.

या कसोटीला प्रथम लावला तो पत्र्याचा कर्णा. कंप पावणारा पडदा आणि विरळ हवा यांचा मेळ कर्णा घालून देतो, म्हणून विद्युत्शक्तीचा चौथा हिस्सादेखील ध्वनीत रूपांतरित करण्याचे सामर्थ्य उत्तम कर्ण्यात असते, आणि विट्याच्या दसऱ्यातील पालखी शर्यतीच्या गर्दीतही त्याची ललकारी दूरवर पोहोचते. परंतु ७० कंपनांचा खर्ज नीट बाहेर टाकावयाचा, तर त्याच्या मुखाचा परीघच तरंगलांबीएवढा, म्हणजे ५ मीटरांच्या घरात, असावा लागतो! तानपुऱ्याची जवारी तेवढी त्यातून ऐकू आली. खर्ज आलाच नाही.

दुसरा होता वाल्वच्या रेडिओतील कागदी कोनाचा स्पीकर, ज्याचे मूळ राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेल्या रचनेत आहे. कोन पुढे सरकला की पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते. पेटीची पाठ उघडी असल्याने दीर्घ तरंग वळसा घालून परस्परांना मारून टाकतात, म्हणून खर्ज येथेही हरवला. गायकाचा कंठ मात्र त्यातून विलक्षण गोड लागे.

तिसरी तऱ्हा बंद पेटीची. एडगर विल्चर यांनी १९५४ साली पेटी बंद करून आतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि मध्यम आकाराच्या पेटीतून खरा खर्ज निघू लागला. त्या जातीच्या माझ्या तिसऱ्या जोडीने तानपुरा सांगोपांग ऐकवला. मोबदल्यात अँप्लिफायरकडून शक्ती मात्र भरपूर वसूल केली, कारण तिचा शेकडा एक हिस्साही अशा पेटीत ध्वनिरूप होत नाही.

चौथी जोडी बी.बी.सी.ने १९७० च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीसाठी घडवलेल्या चिमुकल्या पेटीच्या धर्तीची. तीत ७० चा स्वर क्षीणच. तथापि १४०, २१० आणि २८० कंपनांचे स्वरांश शाबूत असल्यास त्यांच्या समान अंतरावरून मेंदू मूळ स्वराचा बोध स्वतःच करून घेतो, त्यामुळे खर्जाची जागा ओळखू येते, त्याचा भार मात्र जाणवत नाही.

लहान आकार, थोड्या शक्तीत मोठा आवाज आणि खोल खर्ज, या तिहींपैकी दोहोंचीच प्राप्ती एका पेटीत होते, हा हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम जुन्या-नव्या सर्व स्पीकरांस सारखाच लागू आहे. तेव्हा जुनी जोडी खरेदी करणाऱ्याने नावावर न भाळता कोनाभोवतीचे फोमचे कडे भुगा झाले आहे काय व आतील कपॅसिटर वाळले आहेत काय, याची खातरजमा करावी. ही दोन्ही दुरुस्त होतात. त्यानंतर, विट्यासारख्या गावी यंत्रमाग थांबलेल्या वेळी, स्वतःच्याच खोलीत, तानपुरा लावून ऐकावा. माझा निवाडा विचाराल तर जागा आणि दणकट अँप्लिफायर असणाऱ्याने बंद पेटी घ्यावी. ज्याला केवळ गाणे ऐकावयाचे आहे, त्याला चांगली लहान पेटी पुरेशी आहे.