सकाळी संग्रहालय, दुपारी समुद्र

पीण्याच्या कारखान्याला सुट्टी लागली, की मुलांना न्यायचं कुठे? यंदा अंदमानचा विचार करा. बंगळुरूहून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, थेट विमान जातं.

सकाळी आधी सेल्युलर जेल पाहा. इथे सावरकर १९११ ते १९२१ कैदेत होते. कैद्यांना मायभूमीपासून तोडणारा हाच समुद्र, म्हणून ते ‘काळं पाणी’.

मग समुद्रिका संग्रहालयात प्रवाळ नीट बघून घ्या. दगडासारखे दिसतात, पण ते इवल्या जिवांनी बांधलेले सांगाडे आहेत.

दुपारी बोटीने नॉर्थ बेला जा. जुन्या वीसच्या नोटेमागचं चित्र इथलंच! स्नॉर्केल लावून पाण्यात डोकावलात, की सकाळचे प्रवाळ रंगीत आणि जिवंत दिसतील. हा रंग त्यांच्यात राहणाऱ्या शैवालाचा. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात असंच झालं होतं.

म्हणून मुलांना आधीच सांगा: प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, तुकडा तोडायचा नाही. संग्रहालयातला पांढरा प्रवाळ शोभेचा वाटतो. समुद्रात तोच पांढरा रंग आजाराची खूण असतो.