श्री. सुधीर पटवर्धन यांची चित्रदृष्टि

आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. तेथील वाकाटक नृपति हरिषेण याचा अमात्य वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. त्यांत मूर्च्छित राजस्त्रीइतक्याच आस्थेनें तिच्या दासीही चितारल्या आहेत.

हाच समभाव आम्हांस श्री. सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत दिसतो. १९४९ सालीं पुण्यास जन्मलेले हे गृहस्थ क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यास दीर्घकाल वैद्यकी करीत त्यांनीं कामगार, रस्ते, इराण्याचें उपाहारगृह रंगविलें. दीनांची कींव करणें हा त्यांचा हेतु नव्हे. श्रमिकास चित्रांत स्वतःची ओळख पटावी, हा होय.

मास्तरकी करीत असतां आम्ही चित्रकलेचा तास फुकट मानून संस्कृतासाठीं घेत असूं. माणसाकडे नीट पाहण्याची विद्या आम्हींच विद्यार्थ्यांपासून हिरावून घेतली, हें आतां कळतें. वाचकांनीं तरी मुलांच्या हातची रंगपेटी काढून घेऊं नये.