लोखंडावरील मुलामा : कथील आणि जस्त

गोड्या तेलाचा १५ किलोचा डबा आणि न्हाणीघरांतील जस्ती बादली हीं दोन्ही मूळचीं पातळ पोलादी पत्र्याचीं. दोहोंवर पांढऱ्या धातूचा थर चढविलेला असतो आणि नवेपणीं दोन्ही सारखींच चकाकतात. परंतु रिकामा डबा आणि जुनी बादली पावसाळाभर अंगणांत उघड्यावर राहिलीं, म्हणजे निराळाच प्रकार दिसूं लागतो. डब्याला जेथें ओरखडा पडला असेल तेथें तांबूस ठिपका उमटतो, तो खोल जातो आणि अखेरीस तेवढ्याच जागीं भोंक पडतें. बादलीवर तर ओरखडे अधिक असतात. कडीच्या कानांशीं थर पार घासून गेलेला असतो. तरीही तेथील लोखंड बराच काळ शाबूत राहतें. डब्यावरचा थर कथलाचा, बादलीवरचा जस्ताचा. हे दोन्ही थर दिसण्यांत भावंडें असले तरी त्यांचे स्वभाव अगदीं उलट आहेत, आणि तो उलटेपणा ओरखडा पडेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

लोखंडाचा गंज सच्छिद्र व ठिसूळ असतो. तो खालच्या धातूला झांकीत तर नाहींच, उलट ओलावा धरून ठेवतो. म्हणून एकदां लागलेला गंज आंत आंत जात राहतो. लोखंडाला हवापाण्यापासून दूर ठेवण्यासाठीं वर दुसऱ्या धातूचें पांघरूण घालावें, ही कल्पना सरळ आहे. अडचण पांघरूण फाटल्यावर येते. ओलाव्यांत दोन निराळे धातु एकमेकांस टेकून असले कीं त्यांची एक लहानशी विजेची बॅटरीच बनते. त्यांतील एक धातु झिजूं लागतो व दुसरा त्याच्या जिवावर सुरक्षित राहतो. कोणी झिजावें हें धातूंच्या क्रमावरून ठरतें. जस्त, लोखंड, कथील, तांबें अशी ही पंगत आहे; कोणत्याही जोडींत जो आधीं बसला आहे तो झिजतो. जस्त आणि लोखंड यांच्या जोडींत जस्त जातें, लोखंड राहतें. लोखंड आणि कथील यांच्या जोडींत मात्र पाळी लोखंडावर येते. त्यांतही कथलाचा पृष्ठभाग विस्तीर्ण आणि उघडें पडलेलें लोखंड टांचणीच्या टोंकाएवढें, त्यामुळें सगळा मारा त्या एका ठिपक्यावर होतो. फाटकें कथील हें या अर्थानें उघड्या लोखंडापेक्षांही वाईट.

या गोष्टीचा पहिला मोठा प्रयोग लोखंडावर नव्हे, तांब्यावर झाला. लांकडी जहाजांच्या तळाला किडे पोखरूं नयेत व शेवाळ धरूं नये म्हणून ब्रिटिश आरमार तळावर तांब्याचे पत्रे ठोकीत असे. समुद्राच्या पाण्यानें ते पत्रे झिजत आणि खर्च डोईजड होई. रॉयल सोसायटीचे त्या वेळचे अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं यावर तोड सुचविली. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा लावला असतां ४० ते ५० चौरस इंच तांब्याचें रक्षण होतें, असें त्यांना आढळलें होतें. लोखंडही त्याच कामीं येतें. मग ‘सॅमरँग’ या, आपल्याच देशांत कोचीन येथें बांधलेल्या, जहाजाच्या तळाला लोखंडाचे मोठे ठोकळे लावून तें अटलांटिकपार नोव्हा स्कॉशियाला पाठविण्यांत आलें. जहाज परत आलें तेव्हां तांबें झिजलें नव्हतें. रसायनशास्त्र शब्दशः खरें ठरलें होतें. परंतु तळ शेवाळ व शिंपल्यांनीं माखून गेला होता, आणि असा तळ जहाजाची गति मारतो. तांब्याचा जो अंश झिजून पाण्यांत जात होता, तोच त्या जीवांना विषासारखा होता, आणि झीज थांबली तशी विषाची पेरणीही थांबली! आरमारानें ती योजना सोडून दिली. डेव्हींचा सिद्धांत मात्र राहिला, आणि लोखंडाच्या पत्र्याच्या बाबतींत त्याचें सोनें झालें.

वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडविण्याची रीत फ्रेंच रसायनज्ञ मालुआं यानें १७४२ सालींच पॅरिसच्या विज्ञान परिषदेपुढें मांडली होती, पण ती व्यवहारांत रुजली नाहीं. १८३७ सालीं सोरेल या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें तिचें पेटंट घेतलें. येथें केवळ पांघरूण नसून विजेचा संबंध आहे, हें ओळखून त्यानें या क्रियेला गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञावरून नांव दिलें. कारखान्यांत पत्रा प्रथम साफ करून, सुमारें ४५० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या रसरशीत जस्तांतून काढतात. जस्त लोखंडावर रंगासारखें नुसतें बसत नाहीं. दोहोंच्या सीमेवर लोखंड-जस्त यांच्या मिश्रधातूचे पातळ थर तयार होतात, आणि त्यांच्यामुळेंच मुलामा सालपटासारखा सुटून येत नाहीं. वर उरलेलें शुद्ध जस्त हवेंतील कर्बाम्ल वायु व ओलावा यांच्या योगानें हळूहळू मळकट राखी होतें. तो मळकटपणा पाहून पत्रा खराब झाला असें गृहिणी म्हणतात. वास्तविक ती राखी साय जस्ताचें रक्षण करीत असते. तिला राखेनें किंवा चिंचेनें घासून लखलखीत करणें म्हणजे पत्र्याचें आयुष्य कमी करणें होय.

याच सुमारास पत्र्याला दुसरी एक जोड मिळाली. लंडनच्या गोद्यांवरील इंजिनियर पामर यानें १८२९ सालीं पत्र्याला पन्हळी पाडण्याचें पेटंट घेतलें होतें. सपाट पत्रा आपल्याच भारानें वांकतो. पन्हळी पत्रा मोठें अंतर आधाराशिवाय ओलांडतो, आणि एकावर एक रचून जहाजांत भरतां येतो. पन्हळ आणि जस्त यांची गांठ पडली आणि पत्र्याचीं छपरें जगभर पसरलीं.

एवढें गुणी जस्त असतांना कथील हवें कशाला? याचें उत्तर स्वयंपाकघरांत आहे. जस्त आंबट पदार्थांत सहज विरघळतें. जस्ती बादलींत ताक किंवा लिंबाचें सरबत ठेवलें, तर तें पिणाराला मळमळ व वांत्या होण्याचा संभव असतो. कथील त्या मानानें फार सोशीक. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावीत ती याचसाठीं. भांडें तापवून, नवसागराची पूड टाकून, वितळतें कथील कापसाच्या बोळ्यानें आंतून फिरविलें कीं काम झालें. कल्हई उडाली कीं ताक कळकतें, हें जुन्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असे.

इंग्लंडांत १८१० सालीं पीटर ड्युरांड यानें कथलाच्या मुलाम्याच्या डब्यांत अन्न टिकविण्याचें पेटंट घेतलें. लवकरच डाँकिन व त्याच्या भागीदारांनीं लंडनजवळ बर्मंडसी येथें असे डबे तयार करण्याचा कारखाना घातला. पुढें या डब्याविषयीं एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. फळांच्या आंबट रसांत आणि हवा नसलेल्या बंद जागेंत लोखंड-कथील यांचा क्रम उलटतो. फळांतील आम्लें विरघळलेल्या कथलाला बांधून ठेवतात, त्यामुळें तेथें कथीलच झिजतें आणि लोखंड बचावतें. डबा उघडून हवा आंत शिरली कीं झीज झपाट्यानें वाढते. उरलेला फणस किंवा अननस लगेच चिनी मातीच्या अथवा कांचेच्या भांड्यांत काढावा असें सांगतात, त्याचें हें एक कारण आहे.

हिंदुस्थानांत हा मुलाम्याचा पत्रा जमशेदपुरानजीक गोलमुरी येथें तयार होऊं लागला. बर्मा ऑइल व टाटा यांनीं मिळून १९२० सालीं टिनप्लेट कंपनी काढली आणि १९२२ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालें. तेल कंपनीनें त्यांत पडण्याचें कारण रॉकेलचे डबे. तो डबा रिकामा झाल्यावर त्यानें पाणी वाहिलें, धान्य सांठविलें, तुळस मिरविली आणि शेवटीं उलगडून कोणाच्या तरी झोपडीचा कूड झाला. २०२४ सालीं ही कंपनी टाटा स्टीलमध्यें विलीन झाली. दरम्यान कथलाचा थरही बारीक होत गेला. १९४२ सालीं मलाया जपानच्या हातीं गेला, कथलाचा मोठा पुरवठा तुटला, आणि पत्रा बुडविण्याऐवजीं विजेच्या साहाय्यानें त्यावर अगदीं तलम थर चढविण्याची रीत अमेरिकेंत झपाट्यानें पसरली. आज असा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि आंतल्या बाजूस बहुधा वार्निशाचा आणखी एक हात असतो.

जस्तही अमर नव्हे. कोंकणपट्टीची खारी हवा त्याला देशावरच्या कोरड्या हवेपेक्षां कितीतरी लवकर खाते. यावर १९७२ सालीं अमेरिकेंतील बेथलेहेम स्टील कंपनीनें नवा मुलामा बाजारांत आणला. त्यांत वजनानें ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बहुतेक उरलेलें जस्त असतें. ॲल्युमिनियम भिंतीसारखें उभें राहतें, जस्त ओरखड्यांकडे धांवतें. म्हणजे पांघरूण व पहारा हीं दोन्ही कामें एकाच थरांत साधलीं. हल्लींचे रंगीत पत्रे पुष्कळदां याच मुलाम्यावर अस्तराचा व रंगाचा हात देऊन करतात. ते छपरावर चढवितांना मात्र कारागीर फिरत्या सहाणेच्या चाकानें कापतात. त्या ठिणग्यांनीं कडेचा मुलामा जळतो आणि लोखंडाचे तप्त कण रंगांत रुतून पुढें गंजतात. कातरीनें कापलेल्या कडेला ही इजा होत नाहीं, आणि पातळ पत्र्याच्या उघड्या कडेचें रक्षण शेजारचें जस्त करूं शकतें. पत्र्यावर तांब्याची नळी टेकवूं नये, तिच्यावरून ओघळणारें पाणीही पडूं देऊं नये. खिळे व स्क्रूही मुलामा दिलेलेच वापरावे, आणि भोंक पन्हळीच्या माथ्यावर पाडावें, खळग्यांत नव्हे.