टाळेबंदीत जडलेल्या सवयी आणि आपले आरोग्य

कोरोनाच्या काळात आपण काय गमावले याचा हिशेब मांडताना गेलेली माणसे आणि बुडालेला रोजगार प्रथम डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळाने आपल्या घरात आणखी एक गोष्ट आणून ठेवली, ती म्हणजे सवयी. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातील निर्बंध पूर्णपणे मागे घेण्यात आले. पण उशिरा झोपणे, अवेळी खाणे, तासन् तास बसून राहणे आणि हातातला मोबाईल हे पाहुणे अनेक घरांत कायमचे मुक्कामाला राहिले. ते कसे आले आणि त्यांना निरोप कसा द्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सवय कशी जडते?

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि चार टप्प्यांत ३१ मेपर्यंत चालली, म्हणजे ६८ दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधक फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रसंगी एखादी गोष्ट केली तर ती अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागतात, असे त्यात दिसून आले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. हे आकडे पाहिले म्हणजे लक्षात येते की, टाळेबंदीचा पहिला काळच नव्या सवयी जडण्यास पुरेसा होता. तेव्हा स्वतःला किंवा मुलांना आळशी म्हणून दोष देण्यात अर्थ नाही.

जुन्या चांगल्या सवयी का सुटल्या, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. पेण आणि रोहा परिसरात व्यायामशाळेत जाणारे थोडेच. आपला व्यायाम होत असे तो कामाच्या ओघात. दिव्याकडे जाणारी गाडी पकडण्यासाठी पेण, कासू, नागोठणे, रोहा येथील स्टेशनपर्यंत चालत जाणे, धाटावच्या कारखान्यात पाळीला सायकलने जाणे, शाळेचा रस्ता, बाजार, शेत या खुंट्यांवर आपले चालणे टांगलेले होते. गाड्या, शाळा, बाजार बंद झाले आणि खुंट्याच निघाल्या. निर्बंध सैल होऊ लागले तोच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घडी पुन्हा विस्कटली. पुढे संसर्गाच्या भीतीने ज्यांना शक्य झाले त्यांनी दुचाकी जवळ केली. भीती गेली, दुचाकी राहिली.

दुर्लक्षाची किंमत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ही पाहणी २००८ ते २०२० या काळातील असल्यामुळे हा दोष टाळेबंदीचा नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज आधीच होते, टाळेबंदीने त्यावर व्याज चढवले.

मधुमेह आणि रक्तदाब हे मुकाट्याने वाढणारे आजार होत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव वडिलांच्या डायलिसिससाठी मुदतीआधी मोडावी लागते, तेव्हा एका माणसाचा आजार सबंध घराचा होतो. मात्र जे उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांना वजन, आहार व चालणे यांच्या बळावर मागे फिरता येते.

परतीची वाट

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण जेवून, धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला आहारात प्रमाण राखण्याचा उपदेश एका गाथेत केला. राजाने ती गाथा सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करावयास सांगितली आणि रोज जेवण वाढताना ती म्हणण्यासाठी त्याला शंभर कार्षापण वेतन बांधून दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. यात तीन गोष्टी आहेत: बदल हळूहळू झाला, तो जेवणाच्या वेळेशी बांधलेला होता आणि आठवण करून देणारा माणूस समोर होता. आजचे संशोधनही बहुतांशी हेच सांगते.

हे सूत्र धरून पुढील गोष्टी करता येतील.

चालणे: प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. प्रारंभी दहा मिनिटेही चालतील. स्टेशन किंवा बाजार जवळ असेल तर दुचाकी घरी ठेवावी. रोहेकरांना कुंडलिकेचा काठ आहे, पेणकरांना भोगावतीचा. आपल्याकडे पावसाचे चार महिने सवय मोडतात; तेव्हा पडवीत किंवा समाजमंदिराच्या सभागृहात फेऱ्या माराव्यात. हृदयविकार असलेल्यांनी किंवा चालताना छातीत दुखणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आहार: नाचणीची भाकरी, वाल, कुळीथ हे आपलेच अन्न होय. ताटात भात थोडा कमी आणि कडधान्य, भाजी थोडी जास्त, एवढा बदल पुरे. दिवसाचे मीठ एका लहान चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी असावे. पेणचे पापड, लोणचे, सुकट, सुके बोंबील यांत मीठ भरपूर असते. ते रोज न खाता कधीमधी खावे.

झोप: विद्यार्थी मित्रहो, झोपेची वेळ बळेच बदलण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. मोबाईल अंथरुणापासून दूर ठेवा. तुमच्या वयाला रोज सरासरी तासभर खेळ किंवा व्यायाम हवा. अभ्यासाचे कारण त्याच्या आड येऊ देऊ नका.

तपासणी: तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. त्यास खर्च येत नाही.

या सर्व गोष्टी एकदम धरू नयेत. एक धरावी, दोन महिने टिकवावी, मग दुसरी. वर सांगितलेल्या अभ्यासात असेही आढळले की, एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. तेव्हा चुकल्याचे दुःख न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

बंधू-भगिनींनो, दुकानदार रोज थोडी रक्कम पिग्मीत टाकतो आणि वर्षअखेरीस त्याच्या हाती मोठी रक्कम येते. पण त्यासाठी रोज दारात येणारा पिग्मी एजंट लागतो. आरोग्याच्या बाबतीत ते काम आपण एकमेकांसाठी करू या. वाडीवाडीत पाच-सहा जणांनी मिळून सकाळी चालावयास निघावे. जो आला नाही त्याच्या दारात जाऊन हाक मारावी. प्रसेनजिताला सुदर्शन विकत घ्यावा लागला. आपल्याला तो शेजारीच, विनामूल्य लाभलेला आहे.